१८१८ चा म्हणून गळ्यात मारलेला तोफगोळा

बेळगावच्या किल्ल्याशी नातं सांगणारी एखादी वस्तू आपल्या संग्रहात असावी, ही माझी फार दिवसांची इच्छा. जुनी कुलपं, अडकित्ते, नाणी घेताना मी ती चारचौघांत बोलून दाखवायचो. तीच कुणीतरी हेरली.

मार्चमध्ये खानापूरकडचा म्हणून एक जण घरी आला. गोणपाटात हातभर लांब, टोकाला निमुळता, तांबेरलेला गोळा. वजन अकरा किलोच्या आसपास. "किल्ल्याजवळ पाया खणताना गावला, साहेब. इंग्रज कंपनीच्या मन्रो साहेबानं १८१८ ला वेढा घातला तवाचा. शिक्का न्हाई, नंबर न्हाई, बघा की. कंपनीच्या काळात कुठं नंबर घालत होते?" असलाच दुसरा निपाणीच्या एका साहेबांनी नेलाय, असंही त्यानं सांगितलं. ३८ हजारांना सौदा ठरला. शंभराच्या स्टॅम्पवर 'वडिलोपार्जित पुरातन वस्तू' असं लिहूनही दिलं. पाया खणताना सापडलेली वस्तू वडिलोपार्जित कशी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

आठ दिवस तो गोळा हॉलमधल्या शोकेसमध्ये होता. खाली माझी नात खेळायची.

मग शेजारचे सुभेदारकाका आले. तोफखान्यातून निवृत्त झालेले. काचेतून बघूनच ते म्हणाले, "पोरीला आत घे आधी. आणि याला हात लावू नकोस."

बाहेर ओट्यावर बसून त्यांनी एकेक गोष्ट समजावली. १८१८ साली इथं चालल्या त्या तोफांची नळी आतून गुळगुळीत. त्यांचे गोळे चेंडूसारखे गोल, भरीव किंवा पोकळ. लांबट गोळा आणि त्याच्या बुडाशी तांब्याचा पट्टा ही नंतरची गोष्ट, नळीत आटे, म्हणजे आतून पिळाच्या खाचा, पाडायला लागल्यानंतरची. गोळा सुटताना आटे त्या पट्ट्यात रुततात, तिरक्या खाचा उमटतात. माझ्या गोळ्याचा पट्टा कोरा होता. म्हणजे तो कधी तोफेतून सुटलेलाच नव्हता, मग किल्ल्यावर पडणार कुठून? सुटून न फुटलेला गोळा तर याहून धोक्याचा, असंही काका म्हणाले.

घरी आणला त्या दिवशीच मी हौसेनं व्हर्नियर लावून माप वहीत लिहिलं होतं. ते आकडे काकांना वाचून दाखवले. व्यास ८७ मिलीमीटरच्या वर भरला होता. पंचवीस पौंडी तोफेचं माप ८७.६ मिलीमीटर. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश तोफ, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही आपल्या सैन्याकडं होती. म्हणजे दोनशे वर्षांचा म्हणून घेतलेला माल शंभर वर्षांचासुद्धा नव्हता.

नंबर नसणं ही जुनेपणाची खूण मानली, तिथंच मी फसलो. लष्करी गोळ्यावर खुणा ठोकलेल्या असतातच. माझ्या फोनमधले फोटो मोठे करून बघितले, तर पट्ट्याच्या वर दोन बोटं रुंदीची जागा सपाट दिसली, त्यावर ग्राइंडरच्या बारीक समांतर रेघा. गंज नारिंगी, रुमालाला लागणारा, म्हणजे ताजा, ॲसिड किंवा मीठ लावून आणलेला. जुन्या लोखंडाचा गंज काळपट, घट्ट बसलेला असतो. आणि टोकाचं भोक, जिथं फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी कळ, बसतो, ते सिमेंटनं लिंपलेलं होतं.

काकांनीच ११२ ला फोन केला. बॉम्बशोधक पथक येईपर्यंत पोलिसांनी गल्ली मोकळी केली. शोकेसभोवती वाळूची पोती रचून पथकानं गोळा नेला. आत स्फोटकाचा भराव तसाच होता, असं मला नंतर सांगण्यात आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. नातीची भातुकली अजून त्याच कोपऱ्यात पडलेली होती.

पोलिसांत जबाब झाला. स्फोटकं जवळ बाळगणं १९०८ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आपणहून कळवलं हे बरं केलंत, असं ते म्हणाले. विकणाऱ्याचा फोन बंद, स्टॅम्पवरचा पत्ता खोटा. पैसे परत मिळतील असं वाटत नाही.

पण दुसरा गोळा निपाणीच्या बाजूला कुणाच्या तरी घरात असेल. अंगावर नंबर नाही, बुडाशी तांब्याचा पट्टा, टोकाला सिमेंट. तुमच्याकडं किंवा ओळखीत कुणाकडं असा गोळा असेल, तर घासू नका, ठोकू नका, ड्रिल लावू नका, गाडीत घालून चौकीवरही नेऊ नका. आहे तिथंच ठेवून घराबाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.