भाड्याचा परतावा काढणारं ॲप: तीन तारे, त्यातला एक फक्त कर्जाच्या तक्त्याला

धाकटा भाऊ भाड्याने द्यायला एक घर घ्यायचं म्हणतोय. रात्री साडेअकराला त्याने परतावा काढणाऱ्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला. हिरव्या गोलात ४.८ टक्के आणि खाली ‘उत्तम गुंतवणूक’. “ताई, टोकन देऊन टाकू का?” दिवसभर लोकांचे ताळेबंद जुळवणाऱ्या बाईला असं काही दाखवलं की तिची झोप उडणारच. तेच ॲप उतरवून घेतलं आणि आठवडाभर त्याच्या मागे लागले. नाव लिहीत नाही, कारण पडताळायला म्हणून पाहिलेली आणखी दोन ॲप्सही त्याच जातकुळीची निघाली.

आधी ते ४.८ कुठून आलं ते बघू. घराची किंमत १०० धरा, महिन्याचं भाडं ०.४. गुणिले बारा, झाले ४.८. म्हणजे भाडेकरू एक दिवसही घर सोडणार नाही, नळ कधी गळणार नाही आणि घर जाहिरातीतल्या किमतीलाच पदरात पडेल! खर्चाचे रकाने आहेत, नाही असं नाही. पण ते ‘प्रगत’ नावाच्या बटणामागे, आणि सगळ्यांत शून्य भरून ठेवलेलं.

मी ते भरले. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, भाडेकरू येण्याआधीची डागडुजी मिळून ९, म्हणजे अडकलेले पैसे १०९. वर्षात एक महिना घर रिकामं धरलं, भाडं आलं ४.४. देखभाल, मालमत्ता कर, विमा, किरकोळ दुरुस्त्या यांत १.१ गेले. घर सांभाळणारी एजन्सी भाड्याच्या ८ टक्के घेते असं धरलं, ते ०.३५. उरले २.९५. भागिले १०९, म्हणजे २.७ टक्के. गोल पिवळा झाला. प्राप्तिकर यातून अजून जायचाच आहे.

रिकाम्या दिवसांच्या बाबतीत मी जरा हळवी आहे, कारण तिथे माझे स्वतःचे हात पोळलेत. माझ्या भाड्याच्या घरात एक शांत जोडपं राहायचं. एक तारीख उजाडली की पैसे जमा. करार संपताना मी ५ टक्के वाढ मागितली. ते म्हणाले, आहे त्या भाड्यात राहतो, नाहीतर दुसरीकडे बघतो. मी ताठले. घर ४७ दिवस कुलूपबंद राहिलं. म्हणजे दीड महिन्याचं भाडं बुडालं. आणि ५ टक्के वाढीतून वर्षाला मिळतं किती? ०.६ महिन्याचं. खड्डा भरायला अडीच वर्षं, तीही रंगकाम आणि नवी दलाली न धरता. नवे भाडेकरू दीड वर्षातच गेले. ॲपमध्ये यासाठी ‘रिकामे महिने’ एवढाच रकाना, आणि त्यात दीडसुद्धा लिहिता येत नाही. एक नाहीतर दोन.

कर्जाचा तक्ता मात्र झकास. ८.५ टक्के दर, २० वर्षं मुदत टाकली, तर पहिल्या हप्त्यातल्या दर १०० मधले जवळपास ८२ व्याजात गेलेले दिसले. बोटाने खाली सरकत गेले, निम्मं मुद्दल फिटलेलं दिसलं ते थेट १६६व्या हप्त्याला. जवळजवळ १४ वर्षं! हे बँकेच्या माणसाने तोंडी सांगितलं तर डोक्यात शिरत नाही, ओळीने दिसलं की शिरतं. तिसरा तारा यासाठी.

दोन तारे कापले ते ‘एकूण परतावा’ नावाच्या आकड्यासाठी. तिथे १२.८ दिसतं. भाड्याचे ४.८, अधिक घराची किंमत दरवर्षी ८ टक्के वाढणार म्हणून ते ८. वाढणारच, हे ठरवलं कोणी? ८ टक्क्यांनी ९ वर्षांत किंमत दुप्पट होते, पण ती घर विकेपर्यंत कागदावरच. कर्ज ८.५ ने, हातात येणार २.७, मधली तूट दर महिन्याला पगारातून. वाढीची पट्टी शून्याकडे ओढून पाहिली. ३ च्या खाली ती सरकतच नाही.

भावाला माझा पिवळा गोल पाठवला. टोकन त्याने अजून दिलेलं नाही. ॲपची पैसे भरून मिळणारी आवृत्ती मात्र घेतली. तिच्यात हाच अहवाल रंगीत छापता येतो.