खोल पाण्यातले अँथियस की उथळ रीफवरचे?

"बार्टलेटचा थवा घेऊ, की थोडं थांबून एकच बोर्बोनियस?" अँथियस, म्हणजे रीफवर (प्रवाळखडकांवर) राहणारे छोटे रंगीत समुद्री मासे, खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी घ्यायचे ठरले की प्रश्न साधारण असाच विचारला जातो, जणू हे एकाच वस्तूचं साधं आणि भारी मॉडेल आहे. प्रत्यक्षात उथळातला बार्टलेट आणि खोलातला बोर्बोनियस हे दोन मासे दोन वेगळ्या टाक्या मागतात. त्यामुळे मासा निवडण्याआधी आपली टाकी कुठल्या जातीची आहे, ते बघावं लागतं.

दुसरा गैरसमज आकड्यांचा. मासा जितका खोलातला तितका सांभाळायला अवघड, असं धरलं जातं. पहिले दोन-तीन आठवडे ते खरंही असतं. पण पुढे वर्षभर कोण जास्त रडवतो याचा हिशोब मांडला, तर माझ्या वहीत पहिला नंबर जांभळ्या ट्युका या अँथियसचा लागतो. तो उथळ रीफवरचा, दिसायला देखणा, आणि समोर तरंगणाऱ्या फ्रोझन अन्नाकडे ढुंकूनही न पाहता हळूहळू झिजत जाणारा. त्याच्यापुढे शंभर मीटरखालचा बोर्बोनियस म्हणजे घरचा खवय्या.

आधी मंडळींची ओळख करून घेऊ. उथळ बाजूला दोघांचाच विचार करू. लायरटेल म्हणजे स्यूडँथियस स्क्वामिपिनिस, लाल समुद्रापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत रीफच्या कडेला थव्यांनी दिसणारा. नर 15 सेंमीपर्यंत वाढतो. बार्टलेट त्याहून लहान, 9 सेंमीच्या आसपास, साधारण 4 ते 30 मीटर पाण्यातला. खोल बाजूला व्हेंट्रालिस: जेमतेम 7 सेंमी, मॅजेंटा आणि पिवळ्याचं मिश्रण, 120 मीटरपर्यंत सापडणारा. मग ओडोन्टँथियस बोर्बोनियस: 15 सेंमीपर्यंत जाणारा, गुलाबी अंगावर मोहरीच्या रंगाचे ओबडधोबड डाग. रीयुनियन बेटाचं जुनं नाव बूर्बों, त्यावरून हे नाव पडलं. आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये बसलेला सनबर्स्ट, म्हणजे सेरॅनोसिरायटस लेटस: 15 ते 70 मीटरचा, गुहांच्या छताला पोट लावून चक्क उलटा पोहणारा.

वर येतानाचे शेवटचे दहा मीटर

खोल माशाचं नशीब आपल्या टाकीत येण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. अँथियसच्या वाताशयाला (पाण्यात तरंगायला मदत करणाऱ्या वायूच्या पिशवीला) बाहेर उघडणारी नळी नसते. त्यातला वायू रक्तावाटेच हळूहळू कमी होतो. शंभर मीटरवर दाब सुमारे 11 वातावरणांचा असतो. तिथून मासा सरळ पृष्ठभागावर आणला, तर तोच वायू अकरा पट जागा मागतो. आतडी बाहेर येतात, डोळे फुगतात.

पण याच गणितात एक गंमत आहे. शंभरवरून नव्वद मीटरवर येताना वायू फक्त दहा टक्के फुगतो, आणि दहा मीटरवरून शून्यावर येताना थेट दुप्पट. म्हणजे सगळ्यात घातक टप्पा शेवटचा. आणि तो उथळ माशालाही चुकत नाही. वीस मीटरवर पकडलेला लायरटेल घाईने वर काढला, तर त्याचंही वाताशय बिघडतं. तो स्वस्त असल्यामुळे कुणी फारसं बोलत नाही, इतकंच. खोल माशाच्या बाबतीत पाणबुडे टप्प्याटप्प्याने थांबत त्याला वर आणतात, किंवा बारीक सुईने वाताशयातला जादा वायू काढतात. संशोधनासाठी याहून पुढची सोय झाली आहे: कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या मंडळींनी पाण्याखालीच मासा बंद करून दाब राखत वर आणता येईल असं कक्षयंत्र बनवलं. एकदा वाताशय नीट रुळलं की माशाला वरचा कमी दाब मुळीच टोचत नाही. "दाब नसलेल्या टाकीत तो जगेलच कसा" ही शंका मनातून काढून टाका.

विकत घेताना म्हणून रंगाआधी पोहणं बघायचं. शेपटी वर, डोकं खाली, आणि जागेवर राहण्यासाठी पर सतत मारत असेल, तर वायू उरलेला आहे. तळावर बसून दर वेळी धक्का मारून उठत असेल, तर सुई चुकलेली असू शकते. पोटाखाली गुदद्वाराजवळ फुगवटा किंवा लाली दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी हात मागे घ्या. मासा येऊन किमान दोन आठवडे झालेले असावेत, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत खाताना दिसावा. एकाच दिवशी आलेला, "उद्यापासून खाईल" असा खोल अँथियस घेणं म्हणजे लॉटरीचं तिकीट.

उजेड

इथे दोन्ही बाजू सरळ भांडतात. उथळ अँथियसला झगझगीत एसपीएस टाकी (भरपूर उजेड लागणाऱ्या कडक प्रवाळांची) चालते. सकाळी दिवे लागले की थवा पाण्याच्या मधोमध येऊन उभा राहतो. व्हेंट्रालिस त्याच टाकीत सोडला, तर तुम्ही दगडांच्या टाकीचे मालक झालात असं समजा. तो सापडेल, पण टॉर्च घेऊन.

मंद निळा उजेड द्या असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे. पण कुणी न सांगितलेली एक अडचण मला टाकी लावल्यावर कळली. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, त्यामुळे खोलात लाल-गुलाबी मासा काळपट दिसतो आणि त्यामुळेच लपतो. मी हौसेने फक्त निळे दिवे लावले, आणि एवढ्या कौतुकाने आणलेला बोर्बोनियस करड्या सावलीसारखा फिरू लागला. अर्थात, समुद्रात तो तसाच दिसत असणार! शेवटी एका कोपऱ्यावर अगदी मंद, उबदार पांढरा दिवा टाकला. आता तो गुहेतून बाहेर येऊन त्या पट्ट्यातून जातो, तेव्हा दोन सेकंद गुलाबी पेटतो आणि पुन्हा विझतो. टाकीच्या बाकीच्या भागात अंधारच ठेवला आहे.

बोर्बोनियस आणि सनबर्स्ट महिन्या-दोन महिन्यांत मध्यम उजेडाला सरावतात. व्हेंट्रालिसकडून ती अपेक्षा मी ठेवणार नाही.

थंडावा

लायरटेल आणि बार्टलेट 24 ते 26 अंशांत सुखी. सनबर्स्टचंही 24-25 ला बरं चालतं. बोर्बोनियसला 20 ते 24, व्हेंट्रालिसला शक्यतो 23 च्या खाली. म्हणजे खऱ्या खोल माशासाठी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) हा खर्च मासा निवडतानाच धरायचा, नंतर बघू म्हणून चालत नाही. पाण्यावर पंखा मारून दोन-तीन अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढतं, खारटपणा चढतो, आणि हवा दमट असेल त्या दिवशी पंखा नुसता फिरतो.

चिलरचा एक फायदा मात्र हिशोबात धरला जात नाही. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि माशाच्या शरीरातली जळणाची गती उतरते. 22 अंशांत बोर्बोनियस दिवसातून दोनदा खाऊन गुटगुटीत राहतो. 26 वर तेवढंच अन्न दिलं तर त्याच्या डोक्यामागचा मांसल भाग खचायला लागतो. विजेचा खर्च तिकडे वाढला, तरी अन्न आणि त्यामागून येणारा नायट्रेट (घाणीतून पाण्यात साठणारा क्षार) इकडे थोडा वाचतो.

पोट

अँथियस म्हणजे प्रवाहात उभं राहून दिवसभर प्लवक टिपणारा मासा. एकदम भरपेट जेवण त्याच्या आतड्याला कळत नाही. बार्टलेटच्या सहा जणांच्या थव्याला मी दिवसातून चार वेळा थोडं थोडं देत असे: मायसिस (कोळंबीसारखे इवले जीव), कोपेपॉड (त्याहून बारीक प्लवक), माशांची अंडी, अधूनमधून पोषणद्रव्यं भरलेलं ब्राइन श्रिंप. दोन महिन्यांत काचेवर शेवाळ, फॉस्फेट वर, आणि स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप रोज रिकामा करायचा. थवा ठेवायचा तर स्किमर टाकीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या. सोबत कोपेपॉड वाढवायला शेवाळाची उजेडी टाकी जोडा. नोकरीमुळे दिवसभर बाहेर असाल, तर गोठवलेलं अन्न थंड ठेवून थोडं थोडं सोडणारी सोय लागेल, किंवा सुकं दाणेदार अन्न शिकवावं लागेल. लायरटेल आणि बार्टलेट ते आठवडाभरात शिकतात.

बोर्बोनियसचं तोंड मोठं आणि भूकही रोखठोक. अख्खा मायसिस, कोळंबीचा बारीक तुकडा, सगळं चालतं. सनबर्स्ट सुरुवातीला आठवडाभर नाक मुरडतो. मग एकदा प्रवाहातून वाहत गुहेच्या तोंडाशी आलेला मायसिस गट्ट करतो आणि तिथून गाडी रुळावर येते. अन्न त्याच्या दाराशी पोचलं पाहिजे, एवढीच त्याची अट. व्हेंट्रालिसला मात्र कण बारीक लागतो, आणि सुरुवातीला बहुधा जिवंत. त्याचे चोचले पुरवायची तयारी नसेल तर त्याचा नाद सोडा.

मंद टाकीत एक जोड छान जमते. सन कोरल, डेंड्रोफिलिया या प्रवाळांच्या शरीरात प्रकाशावर जगणारं शेवाळ नसतं. त्यांनाही हाताने भरवावंच लागतं. संध्याकाळी पिपेटने त्यांना मायसिस द्यायचं आणि निसटलेलं माशाने टिपायचं. अॅक्रोपोराची (भरपूर उजेड मागणाऱ्या प्रवाळाची) हौस असेल तर हा रस्ता बंद.

भांडणं आणि उड्या

अँथियस मादी म्हणून वाढतात आणि थव्यातली वरचढ मादी नर होते. समुद्रात ही सुरेख व्यवस्था, काचेच्या चार भिंतींत कटकट. माझ्या सहा बार्टलेटपैकी दीड वर्षाने दोन उरले, दोन्ही नर झालेले, टाकीची दोन टोकं वाटून घेतलेले. टाकी 300 लीटरची होती. 120 सेंमीहून लांब, 400 लीटरच्या पुढची असती तर कदाचित निभावलं असतं. थव्याची हौस आणि लहान टाकी यांचं जमत नाही.

खोल मंडळी याबाबतीत सोपी. बोर्बोनियस एकटा ठेवायचा, 250 लीटरपासून पुढे. व्हेंट्रालिस शंभर-दीडशे लीटरच्या शांत टाकीतही राहतो, पण सोबतीला डॉटीबॅक, डॅमसेल किंवा तापट टँग असेल तर तो चार दिवसांत कोपऱ्यात जातो. फायरफिश, लहान गोबी, अॅसेसर बॅसलेट हा त्याचा शेजार. तुमच्या टाकीत आधीच दादागिरी करणारा कुणी असेल, तर निवड आपोआप झाली: बार्टलेट घ्या, ते उलट उत्तर देतात.

आजार दोन्हीकडे सारखेच, फक्त प्रवासाने दमलेल्या अँथियसवर युरोनेमा हा परजीवी लवकर चढतो. कुशीवर लालसर चट्टा दिसला की तो असू शकतो, आणि तांब्याचं औषध त्याच्यावर चालत नाही. चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं सगळ्यांनाच लागू. खोल माशाची ती टाकीही थंड आणि अंधारी हवी, हे मात्र विसरलं जातं.

तर माझं मत असं. उजळ, 25 अंशांची, मोठी, प्रवाही रीफ टाकी चालू असेल, तर बार्टलेट किंवा लायरटेलचा थवा, आणि खोल माशाचा विचार नको. टाकी तशीच पण मध्यम उजेडाची, भरपूर गुहा असलेली, तर सनबर्स्ट. खोलाची चव आणि उथळाचा खर्च. टाकी अजून भरायचीच असेल, चिलरचं बजेट असेल, आणि रोज संध्याकाळी समोर बसायची सवय असेल, तर बोर्बोनियस. व्हेंट्रालिस दुसऱ्या खोल टाकीसाठी राखून ठेवा.

झाकणाबद्दल वेगळं लिहायचं नव्हतं, पण लिहितो. बारीक जाळी चारही बाजूंनी, वायरी जातात त्या खाचेसकट. माझा पहिला बोर्बोनियस उडी मारायचा तो फक्त दिवे एकदम बंद झाल्यावर. फीडरच्या मागे दोन बोटांची फट होती. मी तिला मोजलं नव्हतं, त्याने मोजलं होतं. आता दिवे अर्ध्या तासात हळूहळू मंद होतात आणि त्या फटीत स्पंजचा तुकडा कोंबलेला असतो.