पूजेला बाटल्या की माठ?

सोसायटीच्या पूजेला यंदा पाण्याच्या बाटल्या बंद करून माठ ठेवावा का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं.

खर्चात तुलनाच नाही: लिटरभर बाटली २० रुपयांच्या आसपास, मुंबईत पालिकेचं पाणी हजार लिटरला काही रुपये.

गोम शुद्धतेत आहे. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी गाळून, क्लोरीन घालून निघतं; बिघडतं ते गळक्या जलवाहिनीत किंवा आपल्याच न धुतलेल्या टाकीत. बाटली सीलबंद खरी, पण टेम्पोत किती तापली ते झाकणावर लिहीत नाहीत.

कचरा? सिक्कीमने २०२२ पासून छोट्या बाटल्या बंद केल्या, त्या यासाठीच.

मेहनत मात्र माठाला जास्त. पेले कोण विसळणार, हाच खरा वाद!

टाकी नियमित धूत असाल तर माठ मांडा. प्रवासात, पुरात किंवा नळाला गढूळ पाणी आलं तर बाटली बरी.