तरंगणारी वीट, तापलेली भिंत

ताबा मिळून तीन आठवडे झाले होते. एप्रिल 2024. पडद्याचे रॉड बसवायला चौकातल्या हार्डवेअरवाल्याने एक पोरगा पाठवला होता. त्याने बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ड्रिल लावलं, जोर दिला, थांबला, बिट काढून बघितलं, पुन्हा लावलं. पाच मिनिटांत एक भोक धड होईना. मी म्हटलं, "अरे, ब्लॉकची भिंत आहे, लोण्यासारखं जायला पाहिजे." तो हसला. फरशीवर सांडलेली भुकटी चिमटीत घेऊन त्याने माझ्या तळहातावर ठेवली. काळपट करडी, खरखरीत. "ताई, ब्लॉकची भुकटी पिठासारखी मऊ असते. हे अख्खं काँक्रीट आहे. मिवानचं काम आहे तुमचं. हॅमर ड्रिल आणावं लागेल, भोकामागे वीस रुपये जास्त पडतील."

वीस रुपयांचं काही नाही. ही भिंत काँक्रीटची नसावी म्हणून मी 1,85,000 रुपये वेगळे मोजले होते.

आधी हे सांगून टाकते की मी बँकेत गृहकर्ज विभागात आहे. दिवसभर लोकांचे करारनामे वाचणं हेच माझं काम. त्यामुळे हे वाचून "शिकलेल्या बाईला एवढं कळलं नाही का" असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मलाही तेच वाटतं.

2021 च्या दिवाळीत आम्ही पुण्याच्या पश्चिमेला हा फ्लॅट बुक केला. बिल्डरचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. त्यांच्या सेल्स ऑफिसमध्ये एक मोठा पारदर्शक टब ठेवलेला होता, पाण्याने भरलेला. सेल्सची मुलगी एक मातीची वीट त्यात सोडायची, ती तळाला जायची. मग एएसी ब्लॉकचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटेचा, तुकडा सोडायची, तो वर तरंगायचा. आत हवेचे लाखो बारीक बुडबुडे असतात, म्हणून. मग त्याच ब्लॉकच्या एका बाजूला ती गॅसचा बर्नर धरायची आणि दुसऱ्या बाजूला आम्हाला हात लावायला सांगायची. गार. "मॅम, एसी लावायची गरजच नाही पडणार." माझ्या सासूबाईंनी तीनदा हात लावून बघितला. त्या मंगळवेढ्याच्या. माळवदाच्या घरात वाढलेल्या, पांढऱ्या मातीच्या भिंती, हात-सव्वा हात रुंद. भर उन्हाळ्यात दुपारी तिथे सोप्यात पडलं की अंगावर काही घ्यावंसं वाटायचं, असं त्या नेहमी सांगतात. "ह्यांनी आपलीच भिंत मशिनीत घालून काढलीय की," असं त्या म्हणाल्या आणि मला वाटतं आमचा निर्णय तिथेच झाला.

ब्रोशरमध्ये सगळं होतं. एएसी ब्लॉकच्या बाह्य भिंती, पश्चिमेच्या खिडक्यांना दुहेरी काच, सगळ्या बाथरूमना सोलरचं गरम पाणी, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण. मुखपृष्ठावर हिरवं पान आणि शेजारी 'प्लॅटिनम'. त्या शब्दाखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'प्री-सर्टिफाइड' असं लिहिलेलं होतं, ते मला ताबा घेतल्यावर दिसलं. घराच्या किमतीवर 'ग्रीन होम चार्जेस' म्हणून एकरकमी 1,85,000. विजेच्या बिलात पाच-सहा वर्षांत फिटतील, असा हिशेब त्या मुलीने कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. मीही दिवसभर असेच हप्त्यांचे हिशेब लोकांना करून दाखवते, त्यामुळे ते सगळं फार ओळखीचं वाटलं.

आता त्या भिंतीबद्दल. मिवान म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे. भिंत आणि स्लॅब एकत्रच ओततात, आठवड्या-दीड आठवड्यात एक मजला उभा राहतो, गिलाव्याचा खर्च वाचतो. इमारत मजबूत होते, गळतीही कमी. त्या पद्धतीत स्वतःचं असं काही वाईट नाही, पुण्यात आज निम्म्या उंच इमारती तशाच उठताना दिसतात. पण आमची भिंत सहा इंची नागडं काँक्रीट आहे, आतून-बाहेरून कसलंही अस्तर नाही. उष्णता काँक्रीटमधून एएसी ब्लॉकच्या आठ-नऊ पट सहज वाहते. त्यात काँक्रीट दुपारभर ऊन पिऊन ठेवतं आणि चार-पाच तासांनी ते आत सोडायला लागतं. म्हणजे ऊन पाच वाजता भिंतीवर, आणि घरात त्याची झळ रात्री नऊ-दहाला, बरोब्बर झोपायच्या वेळी.

सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच भिंतीला हात लावून "हिला ताप आलाय" असं म्हटलं होतं. मी तेव्हा नव्या रंगामुळे असेल म्हणून टाळलं. ड्रिलवाला गेल्यावर मी ऑनलाइन ती कपाळावर धरतात तसली थर्मामीटरची बंदूक मागवली, पण भिंतीबिंतीची मोजतात ती. रात्री सव्वानऊला बेडरूमची भिंत 37 अंश. बाल्कनीतली हवा 29. खिडकीची काच एकेरी. दुहेरी काच फक्त सॅम्पल फ्लॅटला होती, तो आता ऑफिस म्हणून वापरतात. खिडकीवर छज्जा आहे, दीड फुटाचा, पण मावळतीचं ऊन तिरपं, जवळजवळ आडवं येतं. त्याला छज्जा काय अडवणार? पश्चिमेला उभ्या पट्ट्या नाहीतर बाहेरून पडदा लागतो. हे कुठल्याही आर्किटेक्टला पहिल्या वर्षी शिकवत असतील. एसी आम्ही मे महिन्यात घेतला, दोन घेतले.

मग करारनामा काढला. परिशिष्टात एक ओळ: 'बाह्य भिंती – आरसीसी आणि/किंवा एएसी ब्लॉक आणि/किंवा समतुल्य, वास्तुविशारदाच्या निर्णयानुसार.' खिडक्यांना 'नामांकित कंपनीची काच.' एकेरी की दुहेरी, ते नाही. ब्रोशरमधली चित्रं 'केवळ कल्पनादर्शक.' ही 'आणि/किंवा समतुल्य' ओळ मी नोकरीत शेकडो वेळा वाचली असेल. बँकेला त्याचं काही नसतं, बँक टायटल, म्हणजे मालकी हक्क बघते, भिंत बघत नाही. स्वतःच्या घराचा करारही मी बँकेच्याच डोळ्यांनी वाचला.

भिंतीचं हे असं, तर बाकीचं काय, ही शंका तेव्हा यायला हवी होती. ती आली ऑगस्टमध्ये, तीही आपणहून नाही. सौर, पर्जन्यजल, गांडूळखत यांतलं एक चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात 5 टक्के सूट देते, दोन किंवा जास्त असतील तर 10. आमच्या तात्पुरत्या कमिटीने हौसेने अर्ज केला. पाहणीला एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, हातात वही. "खड्डा दाखवा." वॉचमनने पार्किंगच्या कोपऱ्यातलं लोखंडी झाकण उचललं. आत दोन फूट खोल चौकोन, तळाला सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, टाइल्सचे तुकडे आणि एक चप्पल. पुनर्भरणाच्या खड्ड्यात मोठे दगड, मग खडी, मग जाड वाळू असे थर असतात आणि मध्ये बोअर असतं. इथे बोअर सोडा, खालची फरशीसुद्धा पक्की होती. त्या गृहस्थांनी मग गच्चीवरून येणारा पाइप बोटाने धरत धरत गाठला. तो खड्ड्याला वळसा घालून सरळ पावसाळी गटारात गेला होता. "ताई, ह्याला सूट कशी देऊ? पाणी मुळा नदीलाच चाललंय," म्हणाले. सोलरचंही तेच. गच्चीवर काचेच्या नळ्यांची रांग झकास बसवलेली, पण गार पाण्याची लाइन टाकीला जोडलेलीच नव्हती. भोगवटा पत्रासाठी बसवलं होतं, अंघोळीसाठी नाही.

त्या रात्री मी त्या हिरव्या पानाच्या मागे लागले. आपल्याकडे इमारतींना असं मानांकन देणाऱ्या दोन मोठ्या व्यवस्था आहेत, आयजीबीसी आणि 'गृह' (GRIHA). आमच्या प्रकल्पाला कुणाचं होतं ते सांगत नाही, कारण त्यात त्या संस्थेचा दोष नाही. बिल्डर नकाशे, साहित्याची यादी, हिशेब पाठवतो, आणि कागदावरच्या त्या इमारतीला आधी एक तात्पुरतं मानांकन मिळतं. खरं, अंतिम मानांकन इमारत उभी राहून तपासणी झाल्यावर. मी प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ईमेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं: प्री-सर्टिफिकेशन झालेलं आहे, अंतिम मानांकनाचा अर्ज आलेला नाही. म्हणजे प्लॅटिनम मिळालं होतं ते एका फाइलीला. ती फाइल खरोखरच पर्यावरणपूरक असावी, कारण त्यात एएसी ब्लॉकही होते आणि दुहेरी काचही.

बिल्डरला यात काय मिळतं, हे मला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त ड्राफ्ट्समन काकांनी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, साइटवरचा मंजूर नकाशा उघडून दाखवलं. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत, मुंबई सोडून बाकी बहुतेक महाराष्ट्राला 2020 पासून जी लागू आहे तिच्यात, हरित इमारतीला जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची परवानगी, मिळते. सिल्व्हर किंवा तीन तारे असतील तर 3 टक्के, गोल्ड किंवा चार ताऱ्यांना 5, प्लॅटिनम किंवा पाच ताऱ्यांना 7. आमच्या नकाशाच्या क्षेत्रफळाच्या तक्त्यात ते 7 टक्के घेतलेले आहेत. ह्या सात टक्क्यांचे फ्लॅट बांधून विकले, त्याच पानाच्या नावाने आमच्याकडून वर 1,85,000 घेतले, आणि भिंत मात्र सगळ्यात भराभर उठणारी. कबूल केलेलं मानांकन शेवटी आलं नाही तर दंडाची तरतूद त्याच नियमावलीत आहे. पुढे महारेराकडे तक्रार केली, तिच्यात आम्ही तो मुद्दा पहिला घातला.

रेरा कायद्याचं 12 वं कलम घर घेणाऱ्याने पाठच करावं असं आहे. जाहिरात, माहितीपत्रक किंवा सॅम्पल फ्लॅट यातल्या खोट्या गोष्टीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. 'केवळ कल्पनादर्शक' लिहिलं म्हणून बिल्डर आपोआप सुटत नाही, असं आमच्या वकिलीणबाईंचं म्हणणं आहे. फक्त पुरावा लागतो, आणि इथे माझं नशीब. माझ्या नवऱ्याने त्या टबाचा, त्या तरंगणाऱ्या ब्लॉकचा व्हिडिओ काढला होता, सासूबाई हात लावताहेत आणि ती मुलगी मागे "तुमच्या सगळ्या बाहेरच्या भिंती ह्याच्याच असणार" म्हणतेय. सासूबाई त्यात छान आल्या म्हणून तो डिलीट करायचा राहिला होता. तुम्ही कुठे बघायला जाल तर व्हिडिओ काढाच, आणि ते काढू देत नसतील तर त्यातही तुम्हाला उत्तर मिळालं.

महारेराच्या सलोखा मंचापुढे दोन बैठका झाल्या. बिल्डरने पुनर्भरणाचा खड्डा करून दिला, बोअरसकट. सोलरची लाइन जोडली, आता सकाळी साडेसातपर्यंत कडकडीत पाणी असतं. भिंतीबद्दल त्यांचे सल्लागार म्हणाले, "भिंत काही आम्ही पाडून बदलू शकत नाही." हे मला मान्य आहे. पण बाहेरून उष्णतारोधक थर देता येतो, निदान त्या भिंतीचे पैसे परत करता येतात. त्यावर "हरित म्हणजे आमचा एकूण दृष्टिकोन आहे, कुठलं एक साहित्य नव्हे," असं त्यांचं उत्तर आलं. मग आम्ही अकरा फ्लॅटवाल्यांनी महारेराकडे रीतसर तक्रारी केल्या, प्रत्येकी 5,000 रुपये फी भरून. तारखा चालू आहेत.

मला बुकिंगच्या दिवशी कुणी एक प्रश्न विचारायला शिकवला असता तर एवढं झालं नसतं: तुमच्या इमारतीचा आरईटीव्ही किती? केंद्राच्या 2018 च्या इको निवास संहितेतला तो आकडा आहे. भिंती, काचा, छज्जे, दिशा हे सगळं धरून बाहेरच्या कवचातून घरात किती उष्णता शिरेल ते सांगणारा. थंड प्रदेश सोडून तो दर चौरस मीटरला 15 वॅटच्या वर जाऊ नये, असं संहिता म्हणते. सल्लागाराने हिशेब केला असेल तर बिल्डरकडे तो तयारच असतो, नसेल तर सेल्सच्या मुलीचा चेहरा बघा. आणि परिशिष्टातलं 'किंवा समतुल्य' खोडायला लावा, भिंतीची जाडी आणि साहित्य तिथे शाईने लिहून घ्या. खोडायला नकार मिळाला तर ते 'ग्रीन चार्जेस' भरू नका, बाकी घर घ्यायचं तर घ्या.

यंदा मार्चमध्ये मी बुरूड आळीत जाऊन पश्चिमेच्या दोन खिडक्यांना आणि बाल्कनीला बाहेरून लावायला बांबूचे चिक, म्हणजे कामट्यांचे पडदे, करून आणले. सगळे मिळून 4,600 रुपये. दुपारी तीनला सोडायचे, वर पाण्याचा हलका फवारा. चिकाच्या सावलीत येणारा भिंतीचा भाग रात्री 33 वर येतो, उरलेली भिंत आहे तशीच. सासूबाई आता त्या बाजूला डोकं करून झोपतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इमारतीची देखभाल बघणाऱ्या बिल्डरच्याच कंपनीची नोटीस आली. करारनाम्यातल्या अमुक कलमानुसार बाह्य दर्शनी भागात बदल करण्यास मनाई आहे, बांबूच्या पडद्यांमुळे प्रकल्पाच्या एकसंध सौंदर्याला बाधा येते, सात दिवसांत काढावेत. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात तेच हिरवं पान, त्याखाली 'प्लॅटिनम'. 'प्री-सर्टिफाइड' हा शब्द आता काढून टाकलाय. नोटिशीची झेरॉक्स मी तक्रारीला जोडली. चिक अजून तिथेच आहेत, एकाची दोरी तेवढी बदलायची आहे.