सहा जणांचं टेबल: स्टड लावायचा की होल्डम?

घरी पोकर सुरू करायचं ठरलं की होल्डमच लावायचा, हे जणू गृहीतच असतं. मोबाइलवर तोच, टीव्हीवर तोच, पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर गेलात तरी तोच. सेव्हन-कार्ड स्टड, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचे सात पत्ते (काही झाकलेले, काही उघडे) मिळतात तो पोकर, विचारातही येत नाही. सहा जणांच्या टेबलासाठी तो यावा, असं मला वाटतं.

हे दोन खेळ वेगळे का झाले, याचं उत्तर पत्त्यांच्या हिशेबात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये आणि मिसिसिपीवरच्या बोटींत पोकर खेळत ते २० पत्त्यांचं, एक्क्यापासून दश्शीपर्यंत. चार जण, प्रत्येकी पाच पत्ते, कॅट संपला. बदलून घ्यायला पत्ता नाही आणि पाचव्या माणसाला जागा नाही. पुढे ५२ पत्त्यांचा पूर्ण कॅट आला, पत्ते बदलायचा ड्रॉ आला, आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या सुमारास काही पत्ते उघडे वाटायचा स्टड रुळला. स्टडमध्ये मात्र कॅट पुन्हा अपुरा पडू लागला. आठ जण शेवटपर्यंत टिकले तर ५६ पत्ते लागतात. सात जणांना ४९ पुरतील असं वाटतं, पण चार पत्ते बर्न होतात, म्हणजे वाटपाच्या मधे न वापरता बाजूला टाकले जातात; म्हणजे झाले ५३.

होल्डमने ही अडचण मुळातच सोडवली. पाच पत्ते सगळ्यांचे मिळून, प्रत्येकाचे स्वतःचे फक्त दोन. नऊ जणांना १८, मधले पाच, बर्नचे तीन: मिळून २६, बरोबर अर्धा कॅट. टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन हे या खेळाचं जन्मगाव म्हणून मान्य केलं. १९६०च्या दशकात तो लास वेगासला पोहोचला आणि बेनी बिनियनने १९७० साली सुरू केलेल्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धामालिकेमुळे नो-लिमिट होल्डम (ज्यात बेटला कमाल मर्यादा नसते) हीच मुख्य स्पर्धा ठरली. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून तिथे आला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. त्यानंतर स्टड मागेच पडला. भरलेलं टेबल आणि टीव्हीचा पडदा, दोन्हींसाठी होल्डम उत्तम आहे, यात वाद नाही.

पण घरचं टेबल म्हणजे टीव्ही नव्हे. माझ्या दृष्टीने निर्णय एका गोष्टीवर होतो: पहिल्या अर्ध्या तासात बाद होणारा माणूस. नो-लिमिटमध्ये एकाकडे एक्क्यांची जोडी, दुसऱ्याकडे राजांची; दोघांचंही काही चुकलेलं नसतं, दोघंही ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स लावतात. शंभरात साधारण १८ वेळा राजे जिंकतात, उरलेल्या बहुतेक वेळी राजेवाला उठतो आणि बाकीची रात्र मोबाइल बघत बसतो. त्याला नव्या चिप्स द्याव्यात, तर पैसे न लावता खेळणाऱ्या टेबलावर चिप्सना किंमतच उरत नाही. मग तो प्रत्येक हाताला ऑल-इन म्हणतो आणि खेळाचा विचका होतो. लिमिट होल्डम, म्हणजे बेटची रक्कम ठरलेला होल्डम, हा उपाय आहे खरा, पण टीव्ही पाहून आलेल्या मंडळींच्या तो फारसा गळी उतरत नाही.

स्टड लिमिटनेच शोभतो. प्रत्येकाला ४०० चिप्स द्या. अँटी (म्हणजे आपला बूट) १, ब्रिंग-इन (पहिल्या फेरीत एकाला सक्तीने टाकावी लागणारी सुरुवातीची रक्कम) २, पहिल्या दोन फेऱ्यांत ४ची बेट, पुढच्या तीन फेऱ्यांत ८ची. कोणी रेझ न करता, म्हणजे बेट न वाढवता, शेवटपर्यंत गेलात आणि हरलात तर ३३ चिप्स जातात. प्रत्येक फेरीत एक बेट आणि तीन रेझ, अशी कमाल गाठली तरी १२९. एका हातात कोणी घरी जात नाही.

दुसरा फायदा पाहण्याचा. होल्डममध्ये कलरसाठी बदामाचे चार पत्ते जमले की उरलेले नऊ गृहीत धरतो. स्टडमध्ये समोरच्यांचे उघडे पत्ते दिसतात. त्यात तीन बदाम असतील तर तुमच्यासाठी सहाच उरले. ते तीन पत्तेवाले पॅक झाले तरी आकडा सहाच, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. नवखा इथेच चुकतो, कारण पालथे केलेले पत्ते तो विसरतो.

स्टडचा त्रास आहेच. बूट प्रत्येक हाताला प्रत्येकाने टाकायचा असतो. मग पाचच चिप्स दिसतात आणि "मी टाकलाय" सगळेच म्हणतात. यावर उपाय सोपा: वाटणाऱ्याने सहाही जणांचा बूट एकट्याने टाकायचा. वाटप फिरत असल्याने हिशेब सारखाच बसतो. ब्रिंग-इन सगळ्यात लहान उघड्या पत्त्याने द्यायचा. दोन दुर्र्या असतील तर किलवर सगळ्यात लहान, मग चौकट, बदाम, इस्पिक. एक्का इथे मोठाच धरायचा. चौथ्या पत्त्यापासून उलटं, ज्याचा उघडा डाव मोठा तो आधी बोलतो. सुरुवातीच्या दोन झाकलेल्यांपैकी एखादा वाटताना उघडा पडला तर तिसरा पत्ता झाकून द्यायचा, हात रद्द करायचा नाही.

तीन पत्तीतून येणाऱ्यांना स्टडची सुरुवात ओळखीची वाटते. स्टडमध्येही सुरुवातीला तीनच पत्ते मिळतात, तेच २२,१०० संभाव्य हात. फक्त सवयीने एक चूक होते: तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये कलर मोठा. पाच पत्त्यांत साधे सिक्वेन्स १०,२०० प्रकारे जमतात आणि कलर ५,१०८ प्रकारे. दुर्मीळ तो मोठा, एवढाच नियम आहे. हा मुद्दा पहिला पत्ता वाटायच्या आधी मोठ्याने सांगा, नाहीतर मोठ्या पॉटवर भांडण ठरलेलं.

आठ-नऊ जण येणार असतील तर होल्डमच लावा. वेळ कमी असेल तरीही तोच, कारण स्टडचा हात लांबतो. सात जण असतील तर स्टड चालेल. पत्ते कमी पडलेच तर शेवटचा सातवा पत्ता प्रत्येकाला न देता एकच मधे उघडा ठेवायचा, सगळ्यांसाठी. सहा किंवा कमी असाल तर ती वेळच येत नाही: ४२ आणि बर्नचे चार मिळून ४६, कॅटमध्ये सहा पत्ते शिल्लक राहतात.