स्ट्रायटमवरचा ऑनलाइन कोर्स: सिग्नलिंग भारी शिकवलंय, क्विझ मात्र भंगार

मेंदूतल्या स्ट्रायटमवरचा (हालचाल आणि शिकणं यात मोठा वाटा असलेला मेंदूच्या आतला भाग) हा ऑनलाइन कोर्स संपवला म्हणून लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मला याचा एकही धड रिव्ह्यू सापडला नव्हता. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पार्किन्सन्सचे पेशंट बघते. डोपामिन हे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन कमी झालं की हालचाल मंदावते एवढं आम्हाला पाठच असतं, पण लेव्होडोपाची (मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध) गोळी सुरू होऊन काही वर्षं झाली की तेच अंग नको तितकं का वळवळायला लागतं हे कॉलेजात कुणी नीट सांगितलंच नव्हतं. इथे सांगितलंय. माझ्याकडून चार स्टार, पाचवा का कापला ते पुढे येतंच.

पहिले दोन भाग भराभर बघितले तरी चालतंय. कॉडेट आणि पुटामेन हे स्ट्रायटमचे भाग, कॉर्टेक्सकडून (मेंदूचा बाहेरचा थर) ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन येतं, सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूतल्या भागाकडून डोपामिन येतं, उंदरांमध्ये इथल्या साधारण ९५ टक्के पेशी मीडियम स्पायनी न्यूरॉन या एकाच प्रकारच्या असतात वगैरे. ॲनिमेशन चकाचक, पण यातलं काहीच नवीन नाही.

पैसे वसूल होतात ते तिसऱ्या भागात. या पेशींवर डोपामिन पकडणारे रिसेप्टर असतात, काहींवर मुख्यतः डी-वन, काहींवर डी-टू. डोपामिन डी-वन रिसेप्टरवर बसलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो, त्याने पीकेए हे एन्झाइम जागं होतं, ते डार्प-३२ नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट चिकटवतं, आणि मग हे डार्प-३२ फॉस्फेट काढून टाकणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतं, म्हणजे झालेला बदल लगेच पुसला जात नाही. डी-टू वाल्या पेशीत नेमकं उलटं, तिथे डोपामिनमुळे सायक्लिक एएमपी कमी होतं. पॉल ग्रीनगार्डना २०००चं नोबेल मिळालं (कार्लसन आणि कँडेल यांच्यासोबत) ते याच धर्तीच्या कामासाठी. कोर्स शिकवणारे सर हे सगळं फळ्यावर हाताने काढत जातात, घाई नाही, चुकलं तर पुसून परत काढतात, मला हे त्या ॲनिमेशनपेक्षा शंभरपट आवडलं. डी-टू पेशींवर ॲडेनोसिन या दुसऱ्या रसायनाचा ए-टू-ए रिसेप्टर असतो आणि तो डोपामिनच्या विरुद्ध ओढतो हेही इथेच येतं. कॅफिन तोच अडवतं, आणि इस्ट्राडेफायलिन हे लेव्होडोपासोबत द्यायचं औषधही तोच अडवतं, अमेरिकेत त्याला २०१९ला मंजुरी मिळाली.

चौथा भाग प्लास्टिसिटीचा, म्हणजे पेशींमधल्या जोडण्या बळकट किंवा कमकुवत होण्याचा, आणि इथे माझ्या डोक्यातलं चित्रच बदललं. मला वाटायचं डोपामिन नसलं की पेशी नुसत्या कमीजास्त फायर होतात. पण २००८च्या एका प्रयोगात दिसलं की डोपामिनचा सिग्नल काढून घेतला की कॉर्टेक्सकडून येणारी जी जोडणी डी-वन पेशीत बळकट व्हायला हवी होती ती उलट कमकुवत होते, आणि डी-टू पेशीत जी कमकुवत व्हायला हवी ती बळकट होते. म्हणजे स्ट्रायटम गप्प बसत नाही, चुकीचं शिकत राहतं! डोपामिन संपवलेल्या उंदरांना डी-टू रिसेप्टर चालवणारं औषध आणि एंडोकॅनाबिनॉइड (शरीरातच बनणारी, गांजातल्या रसायनासारखी काम करणारी द्रव्यं) टिकवून धरणारं औषध एकत्र दिल्यावर ती हरवलेली प्लास्टिसिटीही परतली आणि उंदीर जास्त हलायलाही लागले, हा २००७चा पेपर सरांनी एकेक ग्राफ घेऊन समजावलाय.

माझ्या वळवळीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं. लेव्होडोपा देऊन ज्या उंदरांमध्ये डिस्कायनेशिया (हीच नको असलेली वळवळ) आला त्यांच्यात बळकट झालेली जोडणी परत मूळ पातळीवर आणताच येत नव्हती, आणि ज्यांच्यात नाही आला त्यांच्यात ती येत होती. लिहिणं होतंय, खोडणं होत नाहीये. हेच पूर्ण कारण आहे असं कोर्सही म्हणत नाही, ते बरंय.

टायमिंगचा व्हिडिओ तर दोनदा बघा. २०१४मध्ये जपानी टीमने एकेका डेंड्राइट स्पाइनला (पेशीच्या फांदीवरचा, जोडणी जुळते तो बारीक उंचवटा) लेझरने ग्लुटामेट दिलं आणि डोपामिन वेगवेगळ्या वेळी सोडलं, तर ते ०.३ ते २ सेकंदांनी आलं तरच स्पाइन मोठी झाली, आधी आलं किंवा फार उशिरा आलं तर काही नाही. पण यावरून सर एकदम "म्हणून पेशंटला शाबासकी दोन सेकंदांत द्या" वर उडी मारतात, ते मला अजिबात पटलं नाही. तो प्रयोग उंदराच्या मेंदूच्या कापावर, तोही न्यूक्लियस ॲकम्बन्स या स्ट्रायटमच्या खालच्या, बक्षिसाशी जोडलेल्या भागातल्या पेशींवर, तिथून थेट माझ्या ट्रीटमेंट रूममध्ये कसं काय येता तुम्ही?

आता स्टार कुठे कापला. पाचव्या भागात डायरेक्ट पाथवे (डी-वन पेशींचा मार्ग) म्हणजे ॲक्सिलरेटर आणि इनडायरेक्ट (डी-टू पेशींचा) म्हणजे ब्रेक हे इतकं घोटवलंय की विचारू नका. २०१०चा ऑप्टोजेनेटिक्सचा प्रयोग दाखवतात, इनडायरेक्टच्या पेशी प्रकाशाने चालवल्या की उंदीर थिजतो, डायरेक्टच्या चालवल्या की पळतो, मान्य. पण २०१३मध्ये उंदीर स्वतःहून हालचाल सुरू करतो तेव्हा दोन्ही पाथवे एकदमच जागे होतात हे दिसलं, ते शेवटी एका स्लाइडवर उरकलंय. आणि क्विझमध्ये "हालचाल सुरू होताना फक्त डायरेक्ट पाथवे चालू असतो" हेच बरोबर उत्तर धरतात!! अहो तुमचीच स्लाइड बघा की. मेल केला तर "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" छाप उत्तर आलं, क्विझ जशीच्या तशी.

कोलिनर्जिक इंटरन्यूरॉनलाही (ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडणाऱ्या स्ट्रायटममधल्या पेशी) न्याय नाही दिला. संख्येने एकदोन टक्केच असतील, पण बक्षिसाची चाहूल लागली की त्यांचं फायरिंग क्षणभर थांबतं आणि ते डोपामिनच्या सिग्नलशी जुळून येतं, शिवाय पार्किन्सन्समधला कंप कमी करायला ॲसिटिलकोलिन अडवणारी औषधं तर लेव्होडोपाच्या आधीपासून वापरात आहेत. यावर एक अख्खा व्हिडिओ हवा होता. सबटायटल्स ऑटोमॅटिक आहेत, डार्प-३२ चं दर वेळी काहीतरी भलतंच होतं.

बायोलॉजी बारावीनंतर सुटली असेल तर घेऊ नका, तिसऱ्या भागात गळाल. फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), एमबीबीएसचे स्टुडंट, न्यूरोचं वाचन असलेले, बिनधास्त घ्या. बाकी व्हिडिओ दीडपट स्पीडने चालतात, तिसरा-चौथा मात्र साध्या स्पीडला आणि वही घेऊन, नाहीतर डी-वन डी-टू चा घोळ होणार म्हणजे होणारच.