आवार वाढतंय, पाणी कुठून काढायचं? ह्यूम पाइप की उघडी गटार

नगरपालिकेचं आवार वाढतं तेव्हा शेड, कंपाउंड, काँक्रीट यांवर महिनाभर चर्चा चालते आणि पावसाच्या पाण्याचा विषय शेवटच्या दिवशी निघतो. आमच्याकडेही तसंच झालं. सव्वा एकरात घंटागाड्या, टँकर, जेसीबी, स्टोअर आणि छोटं वर्कशॉप होतं. शेजारची तेवढीच जागा मिळाली आणि सुका कचरा वेगळा करायची शेड मंजूर झाली. पाणी बाहेर काढायला दोनच पर्याय पुढे आले: जमिनीखालून ह्यूम पाइप (सिमेंट काँक्रीटचा गोल पाइप), नाहीतर कडेने उघडी गटार. दोन्ही मी वापरून पाहिले आहेत. जुन्या भागात पाइप घातला होता, नव्या भागात गटार केली. तुमच्यापुढे हाच प्रश्न असेल, तर माझा अनुभव कामी येईल म्हणून लिहितोय.

आधी थोडा हिशेब, कारण त्याशिवाय दोन्हीकडे चूक होते. एक एकर जागेवर तासाला 60 मिलिमीटरच्या जोराने पाऊस पडला, तर तासाभरात जवळपास 2 लाख 43 हजार लिटर पाणी पडतं. जमीन मोकळी, गवताळ असेल तर त्यातलं साधारण तीस टक्केच वाहून येतं, म्हणजे सेकंदाला वीस लिटर. त्याच जागेवर पत्रे आणि काँक्रीट आलं की नव्वद टक्के वाहतं, म्हणजे साठ लिटर. पाऊस तोच, जागाही तीच, तरी पाणी तिप्पट. आवार दुप्पट झालं म्हणून पाणी दुप्पट होईल असं धरून चालणारे इथेच फसतात.

आणि वर्षाच्या सरासरीवर जाऊ नका. घाटमाथ्यावरच्या कणकुंबी-जांबोटीचा धो-धो पाऊस वेगळा, कोरड्या अथणी-रायबागचा वेगळा, हे आपल्या बेळगाव जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण गटार भरते ती तासाच्या जोराने. तरणा आणि म्हातारा (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांचा) पाऊस दिवस-दिवस लागतो, तरी त्याला गटार पुरते. पुरत नाही ती मे महिन्यातल्या वळवाला. तो अर्ध्या तासात येऊन कोसळतो, आणि सहा-सात महिन्यांची धूळ, पालापाचोळा, प्लास्टिक सगळं एकदम घेऊन येतो. अथणीकडेही वळीव कमी जोराचा नसतो.

वहनक्षमतेत दोघांत फारसा फरक नाही. 1 ला 200 उतार (200 मीटरला 1 मीटर) धरला तर 450 मिलिमीटर व्यासाचा पाइप भरून वाहताना सेकंदाला सुमारे 200 लिटर पाणी नेतो. 45 सेंटीमीटर रुंदीची सिमेंटची गटार 35 सेंटीमीटर भरून वाहिली तर तीही तेवढंच नेते. अडीच एकर सगळं काँक्रीट झालं तरी वरच्या हिशेबाने दीडशे लिटर येतात. म्हणजे कागदावर दोन्ही पास.

पाइपची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच मजबूत आहे. वरून गाडी जाते, जागा अडत नाही, पोरंबाळं पडायची भीती नाही, डास-दुर्गंधीची तक्रार कमी. वर्दळीखाली एनपी-3 वर्गाचा (वाहनांचा भार पेलणारा) पाइप घेतला, खाली नीट बेड घातला आणि वर पुरेसा भराव ठेवला, तर वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघावं लागत नाही, असं सांगतात. आमच्या जुन्या भागातल्या पाइपने पहिली चार वर्षं खरंच काही त्रास दिला नाही.

पाचव्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला. वीस मिनिटांत वर्कशॉपसमोर घोट्याएवढं पाणी. पुढच्या दहा मिनिटांत ते स्टोअरच्या उंबऱ्यावरून आत गेलं आणि ब्लिचिंग पावडरच्या पोत्यांना लागलं. त्या क्लोरीनच्या उग्र वासाने आठवडाभर स्टोअरमध्ये कुणाला थांबता येईना. पाइप तुंबलाय एवढं कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

नकाशात दर 30 मीटरवर चेंबर (पाइप तपासायचा झाकणाचा खड्डा) दाखवलं होतं. पहिली तीन उघडली. पहिली दोन काठोकाठ भरलेली, तिसरंही भरलेलं, म्हणजे अडचण त्याच्या पुढे. चौथं चेंबर सापडेना. टेप लावून मोजलं, पहारीने ठोकून बघितलं, दोन ठिकाणी पेव्हर उचकटले. आमच्याकडचे सर्वांत जुने पौरकार्मिक (सफाई कामगार), ज्यांना सगळे मामा म्हणतात, पावसात उभे राहून मला म्हणाले, “साहेब, डोळ्याला दिसतंय ते मी काढतो. जमिनीत पुरलंय ते कुठून काढू?” चेंबर तिसऱ्या दिवशी मिळालं. मधल्या काळात टँकर धुवायला जो रॅम्प केला होता, त्याच्या काँक्रीटखाली ते गेलं होतं. काम करणाऱ्याने झाकण वर उचलून घेतलं नाही, आणि देखरेख करणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. त्या देखरेखीत मीही होतो. ब्रेकर लावून रॅम्प फोडला. आत काय होतं? घंटागाडीवर कचऱ्याला झाकायला टाकतात त्या हिरव्या जाळीचा हातभर तुकडा, त्यात अडकलेल्या पिशव्या आणि वर बसलेला गाळ.

तो तुकडा उघड्या गटारीत असता तर सकाळी झाडणाऱ्या बाईंनी खराट्याने बाहेर ओढला असता. माझ्यासाठी सगळा निर्णय इथेच झाला. पाइप वाईट नाही. पण त्यातला बिघाड दिसत नाही, आणि आवार वाढत असताना चेंबर हरवणं ही आपल्या पद्धतीच्या कामात फार सहज घडणारी गोष्ट आहे. दर वाढीत नवा ठेकेदार, नवा नकाशा, नवं पेव्हर. जुन्या पाइपची आठवण दोन-चार माणसांच्या डोक्यात असते आणि ती माणसं बदली होऊन किंवा निवृत्त होऊन जातात.

सफाईचा मुद्दाही मनातून जात नाही. गटार वरून, जमिनीवर उभं राहून, फावड्याने साफ होते. पाइप तुंबला की कुणाला तरी चेंबरमध्ये उतरवायचा मोह होतो. पावसाचा पाइप म्हणून बांधलेला असला तरी त्यात कुठून कुठून सांडपाणी येऊन मिळतं, आत काय वायू साचलाय ते वरून समजत नाही. 2013 च्या कायद्याने सांडपाण्याच्या गटारीत आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाकडून धोकादायक सफाई करून घेण्यावर बंदी आहे. पाइप घालणार असाल तर जेटिंग मशीन (जोराच्या पाण्याने पाइप साफ करणारं) तासाभरात तुमच्या दारात येऊ शकतं का, हे आधी विचारा. छोट्या गावात ते बहुतेक वेळा तालुक्याहून किंवा बेळगावहून मागवावं लागतं.

दुसरा फरक कमी बोलला जातो तो खोलीचा. वाहनं जाणार म्हणून पाइपवर 60 ते 75 सेंटीमीटर भराव हवा. म्हणजे पाइपचा तळ सुरुवातीलाच 110 सेंटीमीटरच्या आसपास खाली जातो. जमीन सपाट असेल तर 120 मीटर अंतरात 1 ला 200 उताराने आणखी 60 सेंटीमीटर खाली. टोकाला तो 170 वर निघतो. गटार 45 पासून सुरू होऊन 105 वर निघते. दोन फुटांहून जास्त फरक. पाणी शेवटी ओढ्यात सोडायचं असतं. ओढ्याचं पाणी चढलं की जे तोंड खाली ते आधी बुडतं, आणि बुडालं की पाणी उलटं आवारात येतं. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला फुग आली (पाणी तुंबून मागे चढलं) की येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात काय होतं ते शेतकऱ्यांना विचारावं लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये तर कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या होत्या. पाइप घ्या की गटार, आधी ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पुराची खूण बघा आणि मग तोंडाची पातळी ठरवा.

जमिनीचाही विचार करा. आमचं आवार जांभ्यावर आहे. जांभा ताजा खणताना मऊ असतो, चराच्या भिंती उभ्या राहतात, आणि हवा लागली की घट्ट होतो. गटारीला हे फार सोयीचं. शिवाय जांभ्यात शोषखड्डा बऱ्यापैकी पाणी पितो, म्हणून शेडच्या छपराचं पाणी आम्ही गाळून तिकडे सोडलं. निपाणी, चिक्कोडी, अथणीच्या काळ्या मातीत यातलं काहीच तसंच्या तसं लागू पडत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाइपचे सांधे त्यात उघडतात, आणि दगडी बांधकामाची गटारही आत कलते. तिथे गटार करायची तर तळ आणि दोन्ही भिंती एकसंध आरसीसी, मागे मुरूम. शोषखड्ड्याच्या भरवशावर तिथे राहू नये.

स्लॅब टाकून बंद केलेली गटार हा मधला मार्ग बऱ्याच जणांना आवडतो. मला तो पटत नाही, जरा स्पष्टच सांगतो. 60 बाय 60 सेंटीमीटरचा, 10 सेंटीमीटर जाडीचा एक स्लॅब 90 किलोचा होतो. तो उचलायला चार माणसं लागतात, म्हणून तो उचलला जात नाही. त्यात ठेकेदार सांधे सिमेंटने भरून देतो. मग ती गटार म्हणजे चौकोनी पाइपच.

उघड्या गटारीचे तोटे आहेत, ते नाकारत नाही. पहिल्याच महिन्यात एका घंटागाडीचं मागचं चाक तिच्यात गेलं. नंतर कडेला फूटभर उंचीचे रंगवलेले खांब लावले. पाणी साचून राहिलं तर आठवड्यात डास होतात, म्हणून तळाचा उतार लेव्हल मशीन लावून तपासून घ्यावा लागतो, नुसती दोरी पुरत नाही. लोखंडी जाळ्या भंगारात जातात, त्यांना बिजागरी आणि साखळी हवीच. आणि वर्कशॉपचं तेलकट पाणी कुठल्याही परिस्थितीत तिच्यात सोडू नये. ते वेगळ्या टाकीत, तेल वर तरंगू देऊन मगच पुढे. (हे पाइपलाही लागू आहे. फक्त पाइपमधलं तेल दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही.)

पुढच्या वाढीसाठी एक सोय करून ठेवता येते. गटार आजच 15 सेंटीमीटर जास्त खोल घेतली तर तीच रुंदी, तोच उतार असताना 200 ऐवजी 300 लिटर वाहतात. खर्च भिंतीच्या तेवढ्या पट्टीचा. पाइपमध्येही 450 च्या जागी 600 चा घालता येतो, पण तळ आणखी खाली जातो आणि ओढ्याचा प्रश्न वाढतो.

तुमची जागा चिंचोळी असेल, शेजारी अंगणवाडी असेल, किंवा आठवडी बाजारासारखी लोकांची सतत ये-जा असेल, तर मीही पाइपच सुचवीन. फक्त चेंबर मोजून ठेवा, प्रत्येकाचं अंतर पक्क्या भिंतीपासून घेऊन ते भिंतीवरच रंगाने लिहा. नकाशा कपाटात जातो, भिंत जागेवर राहते. बाकी बहुतेक ठिकाणी, जिथे आवार आपलं, झाडणारी माणसं आपली आणि पुढच्या पाच वर्षांत अजून एखादी शेड येणार हे दिसतंय, तिथे माझा कल उघड्या गटारीकडे आहे. गेट आणि रॅम्पखाली मात्र आम्हीही पाइपच ठेवला, जेमतेम नऊ मीटर, दोन्ही तोंडं उघडी. एका टोकाला बसून टॉर्च मारला की दुसऱ्या टोकाचा उजेड दिसतो. मृगाच्या आधी एकदा आणि वळवानंतर प्रत्येक वेळी मामा तसं बघतात.